फ्रेममध्ये कोणी जाऊ नका

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या ताराचंदशेठची हौस मात्र घासाघीस करत चालायची. गांधीबागेत तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, आणि एकोणीसशे त्र्याहत्तर साली या माणसाच्या डोक्यात भरलं की आपण सिनेमा काढायचा. नागपुरात, मराठीत, आणि तोही मारधाडीचा. एक पोरगा आणि एक पोरगी बँक लुटतात, काळ्या गाडीतून पळतात, पोलीस मागे लागतात आणि शेवटी ती गाडी मावळत्या सूर्याकडे निघून जाते. पुढे त्यांचं काय झालं ते प्रेक्षकांनी आपापल्या घरी जाऊन ठरवायचं. सिनेमाचं नाव दर आठवड्याला बदलायचं, म्हणून ते सांगत बसत नाही.

मी मनकर्णा. धरमपेठेत माझा शिवणक्लास होता, ताराचंदच्याच इमारतीत, खालच्या खोलीत. त्यामुळे सिनेमाचे कपडे कोणी शिवायचे हा प्रश्न त्याला पडलाच नाही. विधवा बाई, तोंडाची तिखट, पण हात चालणारा. शिवाय सेटवर बायामाणसांसोबत एक बाई हवी असते, तीही सोय झाली. एका बाईत दोन कामं! असे सौदे ताराचंदला फार आवडत.

मुंबईहून आणलेली हिरॉईन ठरलेले दिवस भरताच निघून गेली. हिरोही तिच्या मागोमाग गेला, जाताना म्हणाला की तुमच्या नागपुरात रोज वांगंच असतं का. राहिले ते शॉट पाठमोरे आणि लांबून घ्यायचे होते. हिरोच्या जागी मार्तंडला बसवलं. हा शेठची काळी फियाट चालवायचा आणि बिघडली की दुरुस्तही करायचा. हिरॉईनच्या जागी बाहेरची मुलगी आणली तर खर्च, म्हणून ताराचंदनं सख्ख्या बहिणीलाच उभं केलं. प्रेमलता तिचं नाव. चेहरा दिसणार नाही, मग बिघडलं काय, असं त्याचं म्हणणं.

आईबाप लवकर गेले, तिला वाढवलं ताराचंदनंच. तिच्या शाळेच्या वेण्या तो घालायचा हे सगळ्या गल्लीनं पाहिलेलं होतं. आता तिचं लग्न त्यानं काटोलच्या एका संत्र्याच्या बागायतदाराशी ठरवलं होतं. बिजवर, पदरी दोन पोरं, पण घराणं मोठं. येत्या रविवारी साखरपुडा होता.

"तिले विचारलं काय, शेठजी?" मी एकदा म्हटलं होतं.

"तिले काय विचारायचं, मनकर्णाबाई? मी काय तिचं वाईट करून राहिलो काय?"

आणि खरं सांगते, आपण वाईट करतोय असं त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. अशाच माणसांची मला जास्त भीती वाटते.

तो शेवटचा शॉट अमरावती रोडला, बाजारगावच्या पुढे घ्यायचा होता. तिथे रस्ता सरळ जातो, मग चढ लागतो, आणि चढाच्या पलीकडे काही दिसत नाही. डिसेंबरचे दिवस होते. कॅमेरा भाड्याचा, तो दुसऱ्या दिवशी मुंबईला परत जायचा होता. फिल्मचा एकच डबा उरला होता. कॅमेरामन बापूजी, म्हणजे एरवी लग्नांचे फोटो काढणारे म्हातारे गृहस्थ, सकाळपासून सगळ्यांना बजावत होते, "एकच टेक. बिघडला तं दुसरा नाही. मग सिनेमाले शेवटच नाही."

हे ऐकून ताराचंदच्या अंगात संचारलं. आधीच त्याला एक धसका होता. पहिल्या आठवड्यात त्याचाच मुनीम पान थुंकायला फ्रेममध्ये शिरला आणि चांगला शॉट वाया गेला. तेव्हापासून ताराचंद स्वतः काठी घेऊन उभा राहायचा. रस्त्यावर दोरी बांधायचा. ट्रकवर निवडणुकीतला भाड्याचा भोंगा चढवलेला होता, त्यातून ओरडायचा, "फ्रेममधी कोनी जाऊ नका!" सिनेमात आवाज नंतर मुंबईला भरणार होते, त्यामुळे शॉट चालू असतानाही त्याला ओरडायला बंदी नव्हती. देवळाच्या गाभाऱ्याला कोणी जपत नाही इतकं तो त्या फ्रेमला जपायचा.

ऊन उतरायला लागलं तशी मी प्रेमलताला तयार करायला ट्रकच्या आडोशाला नेलं. हिरॉईनच्या अंगात हिरोचा लांब कोट, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. कोटाची बटणं लागेनात. कालपर्यंत लागत होती. मी कोट उघडून पाहिला. आत हिरवी साडी होती, नवी कोरी. आणि अंगात मोतिया रंगाचं ब्लाऊज, ज्याला मी रात्र रात्र जागून हातानं काठ लावला होता. रविवारच्या साखरपुड्यासाठी. बाह्या वर सरकवल्या तर मनगटभर हिरवा चुडा, आणि किणकिणू नये म्हणून तो रुमालानं करकचून बांधलेला.

"हे काय वं पोरी?"

प्रेमलतानं माझा हात धरला. "मावशी, बोंबलू नका. तुमच्या पाया पडतो."

"कोनासोबत?"

तिनं फक्त फियाटकडे पाहिलं. मार्तंड बॉनेट उघडून वाकला होता. इतके दिवस मी त्या दोघांना शेजारी शेजारी बसवून कपडे नीट करत होते, आणि माझ्या नाकाखाली हे चाललं होतं! सुईत दोरा ओवणारे डोळे माझे, काय कामाचे.

"त्याले अकोल्याले एस.टी. डेपोत नोकरी लागली," ती भराभर सांगू लागली. "गाडी चढापलीकडे गेली का थांबायचंच नाही. कोंढाळीले गाडी सोडू, एस.टी.नं अमरावतीले जाऊ. उद्या तिथं लग्न."

"आणि तुझा दादा? त्याले काय सांगशीन?"

तिनं बाही खाली ओढली. मग म्हणाली, "त्याले सांगितलं तं तो नाही म्हणन. आणि तो नाही म्हटल्यावर माहा पाय उचलत नाही, मावशी. लहानपणापासून नाही उचलत."

मी कोटाचं वरचं बटण कसंबसं लावलं. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते झाकून ठेवत नाही. ताराचंदला जाऊन सांगितलं तर पोर काटोलला जाईल, मार्तंडची हाडं मोडतील, आणि माझी खोली शाबूत राहील. नाही सांगितलं तर क्लास, मशीन, सगळं फुटपाथवर. आणि ती पकडली गेली तर माझं तोंड काळं होईल ते वेगळंच. राग आला होता, त्या दोघांचा, ताराचंदचा, आणि जास्त म्हणजे माझा स्वतःचा, की मी हिशेब करत बसले आहे.

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "नारळ आना रे! शेवटचा शॉट आहे, नारळ फोडून घेऊ. डिक्कीत असंन."

प्रेमलतानं माझा पदर ओढला. "मावशी, डिक्कीत पेट्रोलचा डबा आहे."

ताराचंद पेट्रोल मोजून घालायचा, गाडी जाऊन परत येईल इतकंच. त्याला तो डबा दिसला असता तर त्यानं एकच प्रश्न विचारला असता. आणि आता तो स्वतः काठी बगलेत मारून डिक्कीकडे निघालाही होता. मार्तंड बॉनेटपाशी सरळ उभा राहिला, हातात पाना, पण पाय जमिनीला चिकटलेले. मी धावले. एवढी जाड बाई मी, पण धावले.

"शेठजी, हात नका लावू! माह्या कपड्यांची पेटी आहे तिथं, सुया सांडून ठेवल्या आहेत. टोचंन. मी काढतो नारळ."

"मंग लवकर काढा ना! ऊन चाललं."

डिक्की वीतभर उघडून मी आत हात घातला. पेट्रोलचा भपकारा आला. माझा पदर त्या डब्यावर टाकला, नारळ चाचपून काढला, पदर हिसकून घेतला, झाकण आपटलं. ताराचंदनं नाक वर करून हुंगलं.

"पेट्रोलचा वास येऊन राहिला, मनकर्णाबाई."

"गाडी आहे, शेठजी. गाडीले काय अत्तराचा वास येईन?"

तो हसला. मी मात्र त्या क्षणी समजून गेले की माझं ठरून गेलं आहे, मला न विचारता.

नारळ फुटला. बापूजींनी डोळा कॅमेऱ्याला लावला. सूर्य चढाच्या बरोबर वर आला होता. दोघं गाडीत बसली. आणि मग ताराचंदनं हात वर केला.

"थांबा!"

मार्तंडची मान ताठ झालेली मला मागूनही दिसली.

"मनकर्णाबाई, तुमी मांगच्या सीटखाली झोपा. वरतून घोंगडं घ्या."

"मी? काहून?"

"जवान पोरगी अन् डायवर एकटे लांब जातीन, हे काही बरं नाही दिसत. उद्या काटोलवाल्यायच्या कानावर गेलं तं? तुमी असल्या का कोनी बोलू नाही शकत. पन डोकं वर नका काढू. फ्रेममधी दिसलं नाही पाहिजे."

अशी मी त्या गाडीत गेले. पुढच्या आणि मागच्या सीटमधल्या फटीत आडवी, तोंडावर घोंगडं, कानाशी पेट्रोल आणि चामड्याचा वास. समोर बसलेल्या दोघांना वाटलं असेल, आता बेत फसला. मी घोंगड्यातूनच म्हणाले, "मले कोंढाळीले उतरवा, म्हंजे झालं." प्रेमलताचा हुंदका ऐकू आला.

आणि ताराचंदची पावलं खिडकीपाशी आली. तो वाकला होता, त्याच्या तंबाखूचा वास आला. कोटाची बाही त्याच्या हाताला लागली असती, तर तो चुडा... पण त्याचे हात तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे गेले. त्यानं गाठ सोडली, केस आत सारले आणि पुन्हा गाठ मारली, घट्ट, हनुवटीखाली. वेणी घालणाऱ्याचा सवयीचा हात होता तो.

"चेहरा नाही दिसला पाहिजे वं. मांगं वळून पाहू नको, काही झालं तरी. घाबरू नको. मी इथंच उभा आहो."

"हाव, दादा," प्रेमलता म्हणाली. एवढंच. तिचा आवाज फाटलेला होता, पण ताराचंदला तो घाबरलेला वाटला असावा. त्यानं गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि तो गेला.

गाडी सुरू होईना. मार्तंडनं एकदा स्टार्टर मारला, पुन्हा मारला. मागे भोंगा ओरडत होता, "ऊन चाललं रे, ऊन चाललं!" मी घोंगड्यात गजाननमहाराजांचा धावा करत होते. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि लागलं.

गाडी निघाली. मला फक्त खालून रस्त्याचा आवाज येत होता आणि मागून भोंगा, "फ्रेममधी कोनी जाऊ नका! ओ बैलगाडीवाले, थांबा तिथंच! कोनी जाऊ नका!" हसू यावं की रडू हेच कळेना. बहीण घर सोडून निघाली होती आणि हा माणूस काठी आडवी धरून तिची वाट मोकळी ठेवत होता.

गाडीनं वेग घेतला. चढ लागला असावा, कारण इंजिनाचा आवाज जड झाला. आणि अचानक प्रेमलता म्हणाली, "थांबवा."

"काय?" मार्तंड ओरडला.

"थांबवा म्हटलं ना! माह्याकडून नाही होत. तो तिथं उभा आहे. मी इथंच उभा आहो म्हणून राहिला तो मले!"

मार्तंडनं ब्रेक दाबला. गाडी अर्ध्या चढावर थांबली. मी घोंगडं बाजूला केलं, पण डोकं वर काढलं नाही. खरंच नाही काढलं. प्रेमलता सीटवर गुडघे टेकून मागे वळली होती. चष्मा काढलेला, डोळे भरलेले, मागच्या काचेतून ती पाहत होती. मार्तंडनं तिला हात लावला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला आणि म्हणाला, "तू म्हणशीन तं वळवतो. पन आत्ताच सांग." त्याच्याविषयीची माझी शंका तिथेच मिटली.

तिची नजर काचेवरून हलेना. मला वाटलं, झालं, आता वळणार. पुन्हा तीच गल्ली, रविवार, काटोल. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते देव जाणे. त्याआधी भोंगा ओरडला. वाऱ्यावरून, शेतांवरून आवाज स्पष्ट येत होता.

"थांबू नका! अबे, थांबू नका! टेक बिघडंन!" मग थोडा खरखराट, आणि मग फक्त तिच्यासाठी, "प्रेमे! मांगं नको पाहू वं! जाय! जाय पुढं! जाय!"

तो सिनेमासाठी ओरडतो आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. प्रेमलताला तर सगळ्यात जास्त. तरी तिनं पदराऐवजी त्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, सरळ होऊन बसली आणि रडता रडता हसली.

"दादा जाय म्हणून राहिला," ती म्हणाली. "चला."

आम्ही चढ ओलांडला.

वाटेत डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि कोंढाळीला एस.टी. स्टँडच्या बाजूला कडुलिंबाखाली गाडी लावली. मार्तंडनं किल्ली माझ्या हातात दिली, म्हणजे उद्या कोणी चोरीचा आळ घेऊ नये. मग बसची वाट. मागून एखाद्या ट्रकचा आवाज आला की आमचे तिघांचे जीव गोळा व्हायचे. एक ट्रक गेला, उसाचा. दुसरा गेला, कापसाचा. मार्तंड सारखा रस्त्याच्या मधोमध जाऊन बघायचा आणि मी त्याच्यावर ओरडायची. अखेर अमरावतीची गाडी आली. प्रेमलतानं मनगटावरचा रुमाल सोडला, चुडा किणकिणला, आणि ती माझ्या पाया पडून बसमध्ये चढली. आशीर्वाद द्यायचंही मला सुचलं नाही. मी म्हटलं, "ब्लाऊजचा काठ उलटा धुजो."

ताराचंद आला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. ट्रक थांबायच्या आतच त्यानं उडी मारली. बापूजी मागे फिल्मचा डबा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून बसले होते.

"गाडी काहून नाही आली परत? प्रेमलता कुठी आहे?"

"अमरावतीच्या बसमधी. मार्तंडसोबत."

त्याला कळलंच नाही. त्यानं गाडीत वाकून पाहिलं, घोंगडं उचललं, डिक्की उघडली. पेट्रोलचा रिकामा डबा पाहिला, त्यावर माझ्या पदराच्या काठाचे तुटलेले धागे. मग तो खाली, रस्त्याच्या कडेला बसला. मला वाटलं होतं तो मारेल, शिव्या देईल, पोलिसांत जाईल. तो नुसता बसून राहिला, काठी मांडीवर घेऊन. शेवटी बापूजी म्हणाले, "शेठ, टेक मात्र मस्त आला." म्हाताऱ्याला कधी काय बोलावं कळत नसे.

काटोलला निरोप गेला की मुलीची तब्येत बरी नाही. पोलिसांत तो गेला नाही. मला खोली सोडावी लागली. महाल भागात एका जिन्याखाली मशीन मांडलं आणि पुन्हा पोटापाण्याला लागले. ताराचंद माझ्याशी बोलेना.

पुढच्या दिवाळीनंतर सिनेमा लागला, सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये. तो शॉट त्यानं तसाच ठेवला होता. दुसरा होताच कुठे! मी दुपारच्या खेळाला माझं तिकीट काढून गेले. पहिल्या पाच रांगा रिकाम्या. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, शेठ रोज येतात, पण फक्त शेवटच्या रिळाला.

आला तो. अंधारात शेजारची खुर्ची खाली केली आणि बसला. वाळला होता. मी पडद्यावरून नजर काढली नाही.

काळी फियाट पाठमोरी निघाली. सूर्य समोर. सिनेमा काळा-पांढरा, सूर्य पांढराच दिसला. गाडी लहान लहान होत गेली, चढावर पोचली, आणि मागे उजव्या बाजूला एक ठिपका उजळला. ब्रेकचा डावा दिवा बिघडलेला होता, एकच लागायचा. मुंबईवाल्यांनी तिथे सतारीचा तुकडा भरला होता. ठिपका तसाच राहिला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. मग ठिपका विझला, आणि गाडी गेली.

"तो लाईट," ताराचंद हळूच म्हणाला. इतक्या महिन्यांनी त्याचा पहिला शब्द. "बापूजी म्हनतो, गेअर अडकला असंन. मी रोज पाहून राहिलो. काहून थांबले होते?"

खोटं सांगायला मला वेळ होता. मी सांगितलं नाही. "प्रेमलतानं थांबवली होती. वापस यायचं म्हणत होती. तुम्ही उभे होते म्हणून."

पडद्यावर नावं पळत होती, त्यात माझंही होतं, चुकीचं छापलेलं.

"मी हाक मारली असती, प्रेमे, ये वापस, तं?"

"आली असती."

"अन् मी..." त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "मी भोंग्यातून जाय म्हणून राहिलो होतो. टेकसाठी."

"तिले ऐकू आलं, शेठजी."

"तिले समजलं असंन ना? का मी टेकसाठी ओरडून राहिलो?"

दिवे लागले. लोक उठले. मला अकोल्याचं ते घर आठवलं, डेपोमागची दोन खोल्यांची चाळ, दिवाळीत मी गेले होते तेव्हाचं. शेजारणी जमल्या होत्या. कोणी विचारलं होतं, पळून आली का हो ही? आणि प्रेमलता किती ताठ मानेनं म्हणाली होती.

"समजलं होतं," मी म्हटलं. "पन ती लोकांले असं नाही सांगत. ती म्हणते, मी पळून नाही आली. दादानं जाय म्हटलं, तवा आली."

ताराचंद समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिला. झाडूवाला आला, त्यानं आमच्या पायांखालून शेंगांची टरफलं काढली.

"बरोबर सांगते ती," तो म्हणाला. "कोनी विचारलं तं मीबी तेच सांगीन."